कोट कुठल्या पावसाचा? पुरुषांचा ट्रेंचकोट निवडताना

मुलगा नोकरीसाठी किंवा शिकायला इंग्लंड-जर्मनीला निघाला की उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या घरांत हमखास एक प्रश्न निघतो: तो लांब, पट्ट्याचा कोट इथूनच घेऊन द्यायचा का? त्याला जोडून दुसरा प्रश्न येतो: असा कोट पावसाळ्यात इथेही वापरता येईल का? पैसे घालायचेच, तर ते दोन्हीकडे उपयोगी पडावेत, ही अपेक्षा रास्त आहे. पण या दोन प्रश्नांची उत्तरं वेगवेगळी आहेत. ती का वेगळी, हे समजलं की कोट कसा निवडायचा हेही बऱ्यापैकी समजतं.

1. हा कोट आला कुठून?

पाऊस अंगावर येऊ नये म्हणून कापडावर काहीतरी थापायचं, ही कल्पना जुनीच. स्कॉटलंडच्या चार्ल्स मॅकिन्टॉशने 1823 मध्ये तिला कारखान्यात आणलं. कोळशाच्या डांबरापासून निघणाऱ्या नॅफ्था या द्रवात त्याने रबर विरघळवलं, ते दोन कापडांच्या मध्ये पसरलं आणि तिन्ही थर एकत्र दाबले. पाणी थांबलं. मात्र सुरुवातीचे कोट थंडीत कडक होत, उन्हाळ्यात चिकट होत आणि त्यांना उग्र वास येई. सगळ्यात वाईट म्हणजे ते घालून चालणारा माणूस आतून घामाने भिजून जाई.

या त्रासावर 1879 मध्ये थॉमस बर्बेरी या इंग्लंडमधल्या कापड व्यापाऱ्याने वेगळ्या बाजूने तोड काढली. विणलेल्या कापडावर लेप देण्याऐवजी त्याने सुतालाच आधी पाणी झटकणारी प्रक्रिया दिली आणि मग ते सूत अतिशय घट्ट, तिरप्या विणीत विणलं. हे कापड म्हणजे गॅबर्डीन. 1888 मध्ये त्याने त्याचं पेटंट घेतलं. घट्ट विणीमुळे पावसाचा थेंब वरच्यावर घरंगळतो. तरीही धाग्यांच्या मधून हवा आणि घामाची वाफ थोडीफार ये-जा करू शकते. दक्षिण ध्रुवाच्या मोहिमांवर निघालेल्या अमुंडसेन आणि शॅकल्टन यांनीही हे कापड वापरलं, ते याच गुणामुळे.

पुढे 1914 चं महायुद्ध आलं. फ्रान्स आणि बेल्जियमच्या चिखलात सैनिकांचे जाड लोकरी ओव्हरकोट पाणी आणि चिखल पिऊन इतके जड होत की चालणं कठीण व्हायचं. ब्रिटिश अधिकाऱ्यांना गणवेश स्वतःच्या खर्चाने शिवून घ्यावा लागे. त्यांनी बर्बेरी आणि ॲक्वास्क्युटम यांच्यासारख्या दुकानांतून हलके, आखूड, पाणी झटकणारे कोट घ्यायला सुरुवात केली. खंदकातल्या वापरावरूनच त्यांना ट्रेंचकोट म्हणू लागले. हा अधिकाऱ्यांचा कोट होता. साध्या शिपायाच्या वाट्याला तो आला नाही. त्याच वर्षी सप्टेंबरअखेर मार्सेलच्या बंदरात उतरलेली हिंदी फौज तर पातळ सुती खाकीतच युरोपच्या हिवाळ्याला सामोरी गेली. रुबाबदार कपड्यांच्या इतिहासात ही बाजू सहसा सांगितली जात नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहिली.

2. प्रत्येक पट्टीला काम होतं

दुकानात ट्रेंचकोट हातात घेतला की इतक्या पट्ट्या, कड्या आणि झडपा दिसतात की हे सगळं शोभेचं वाटतं. पण मूळ कोटात यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट कामाची होती. ती कामं कळली की चांगल्या आणि नकली कोटातला फरक आपोआप दिसू लागतो.

खांद्यावरच्या पट्ट्यांवर अधिकाऱ्याचा हुद्दा लावत. समोर दोन रांगांत बटणं असल्यामुळे छातीवर कापड दुहेरी होतं आणि वारा आत शिरत नाही. पुरुषांच्या कोटात डावी बाजू उजव्या बाजूवर येते. म्हणून उजव्या खांद्याखाली एक सुटी झडप असते. कोट गळ्यापर्यंत बंद केला की ती झडप सांध्यावर येते आणि तिथून पाणी आत झिरपत नाही. मनगटावरचे पट्टे आवळले की हात वर केल्यावर पाणी कोपरापर्यंत ओघळत नाही. कमरेच्या पट्ट्यावरच्या इंग्रजी डी अक्षरासारख्या कड्या नकाशाची पिशवी किंवा तत्सम सामान अडकवण्यासाठी होत्या. त्यांना हातबॉम्ब अडकवत, ही सांगोवांगीची गोष्ट आहे.

सगळ्यात महत्त्वाचा भाग पाठीवर असतो. खांद्यांपासून निम्म्या पाठीपर्यंत एक जादा कापड येतं. त्याची वरची कड शिवलेली आणि खालची सुटी. पाऊस या कापडावर पडतो आणि खालच्या कडेवरून बाहेर ठिबकतो, खालच्या मुख्य कोटाला फारसा लागतच नाही. दोन्ही कापडांच्या मध्ये हवेलाही वाट राहते.

ठाणे-रायगडच्या शेतकऱ्याला हे तत्त्व नवं नाही. बदलापूरच्या आसपासच्या खेड्यांत भातलावणीला डोक्यावरून पाठीवर घ्यायचं इरलं हेच काम करत आलं आहे. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा आणि त्यावर पळस किंवा सागाची पानं. वाकून रोप लावणाऱ्या माणसाची पाठ पूर्ण झाकलेली, पुढची बाजू मात्र सताड उघडी. पाणी पाठीवरून निघून जातं आणि घामाला पुढून वाट मिळते. आता इरल्याची जागा बऱ्याच ठिकाणी प्लास्टिकच्या कागदाने घेतली आहे. आपल्या हवेसाठी इतका नेमका विचार केलेलं पावसाळी पांघरूण माझ्या मते दुसरं झालं नाही.

म्हणून कोट घेताना पाठीवरचं ते कापड खरोखर सुटं आहे का, हे बोटं घालून पाहा. स्वस्त कोटांत तिथे फक्त एक शिलाईची रेघ मारून सुट्या कापडाचा भास केलेला असतो. मनगटाचा पट्टा नुसता टाचलेला असेल आणि आवळता येत नसेल, तर बाकीच्या कोटातही अशीच बचत केली आहे असं समजा.

3. तिथला पाऊस आणि इथला पाऊस

लंडनला वर्षभरात साधारण 600 मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो बारा महिन्यांत विखुरलेला असतो. मुंबईत सांताक्रूझला एकट्या जुलैत सरासरी 800 मिलिमीटरहून जास्त पडतो. म्हणजे लंडनच्या अख्ख्या वर्षाचं पाणी आपल्याकडे एका महिन्यात कोसळतं, तेही अनेकदा वाऱ्यासकट आडवं. बदलापूर तर डोंगराच्या अधिक जवळ. 26 जुलै 2019 च्या रात्री बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुराच्या पाण्यात महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि दुसऱ्या दिवशी हजारावर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं, हे इथल्या लोकांना वेगळं सांगायला नको.

तरीही पाण्याचं प्रमाण हा यातला सोपा भाग आहे. अवघड भाग घामाचा.

गरम पोळ्या प्लास्टिकच्या घट्ट डब्यात ठेवल्या की झाकणाला आतून पाणी सुटतं आणि वरची पोळी ओली होते. डब्यात बाहेरचा एक थेंबही गेलेला नसतो. अंगावरच्या रेनकोटात नेमकं हेच घडतं. आपलं शरीर सतत वाफ सोडतं. ती बाहेर जाऊ शकली नाही, तर कोटाच्या आतल्या बाजूला तिचं पाणी होतं.

मग वाफ जाऊ देणारं महागडं कापड घेतलं तर? इथे एक छोटं गणित करू. वाफ नेहमी जास्त असेल तिथून कमी असेल तिकडे जाते. दोन बाजूंत जितका फरक, तितका तिचा वेग. अंगालगतची घामट हवा 35 अंशांची धरली, तर एका घनमीटरमध्ये सुमारे 40 ग्रॅम वाफ असते. लंडनला 10 अंश तापमानाच्या दमट दिवशी बाहेरच्या हवेत साधारण 8 ग्रॅम असते. फरक 32 ग्रॅमचा. बदलापूरला जुलैत 28 अंश आणि 85 टक्के आर्द्रता धरा. बाहेरच्या हवेतच 23 ग्रॅम वाफ असते. फरक उरतो 17 ग्रॅम, म्हणजे जेमतेम निम्मा. कापड तेच, किंमत तीच, पण वाफ बाहेर ढकलणारी ओढ अर्ध्यावर येते. त्यात उकाड्यामुळे घाम मुळात जास्त.

अंबरनाथ स्टेशनापासून कारखान्यापर्यंत वीस मिनिटं झपझप चालणारा माणूस वाटेत पेलाभर घाम सहज गाळतो. तो घाम कोटात अडकला, तर पोचेपर्यंत सदरा भिजलेलाच असतो. पाऊस आत आला असता तरी फार वेगळं काही झालं नसतं.

त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे. जून ते सप्टेंबर या पट्ट्यात ट्रेंचकोट घालू नये. चालणाऱ्यासाठी मोठी छत्री आणि कमरेखाली थोडासाच येणारा, बगलेत हवेसाठी भोकं किंवा जाळी असलेला पातळ रेनकोट पुरतो. दुचाकीवर तर लांब कोट धोक्याचाच. पट्ट्याचं लोंबतं टोक किंवा कोटाचा घेर मागच्या चाकात, साखळीत अडकू शकतो. तिथे जॅकेट आणि पँट असा दोन तुकड्यांचा रेनकोटच हवा. लोकलच्या गर्दीतही लोंबता पट्टा कुणाच्या तरी पिशवीत अडकतो आणि आपण उतरताना तो माणूस मागे ओढला जातो.

ट्रेंचकोटाचे इथले दिवस डिसेंबरअखेर ते फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंतचे. मुंबईत पंखा चालू असतो तेव्हा बदलापूरच्या पहाटे स्वेटर लागतो. कर्जतकडून येणाऱ्या पहाटेच्या गाडीत दाराशी उभं राहणाऱ्याला वारा अडवणाऱ्या कोटाची किंमत कळते. त्या वेळी बिनअस्तराचा, पातळ सुती ट्रेंचकोट अतिशय सुखाचा वाटतो. महाबळेश्वरची सहल, उत्तरेकडचा प्रवास, थंडगार एसी डब्यातली रात्र यांनाही तो चालतो.

4. कापड पाहावं कसं?

लेबलवर कधी 3,000, 5,000 किंवा 10,000 मिलिमीटर असे आकडे असतात. कापड ताणून त्यावर पाण्याने भरलेली नळी उभी करतात. पाणी किती उंच चढल्यावर खालून थेंब यायला लागतात, ती उंची म्हणजे हा आकडा. 5,000 म्हणजे पाच मीटर उंच पाण्याचा दाब त्या कापडाने सोसला. नुसत्या पावसाच्या थेंबांचा दाब त्याच्यापुढे किरकोळ असतो. पण पाठपिशवीचा पट्टा खांद्यावर दाबतो किंवा आपण ओल्या बाकावर बसतो, तेव्हा त्या जागी दाब वाढतो. कोट आधी खांद्यावर आणि बसण्याच्या जागी गळू लागतात, ते म्हणूनच.

अस्सल गॅबर्डीनच्या कोटावर बहुधा असा आकडा नसतो. ते कापड पाणी झटकतं, पूर्ण अडवत नाही. इंग्लंडच्या भुरभुर पावसात तेवढं पुरतं.

शिलाई हा दुसरा कच्चा दुवा. सुईने पाडलेलं प्रत्येक भोक पाण्याला वाट देतं. पूर्ण जलरोधक म्हणून विकल्या जाणाऱ्या कोटात शिलाईवर आतून टेप चिकटवलेली असते. कोट उलटा करून खांद्याची आणि मुंढ्याची शिलाई पाहा. टेप नसेल तर त्या दाव्याला अर्थ नाही.

आणि एक इशारा. बाजारातल्या अनेक कोटांना आतून पॉलियुरेथेनचा पातळ थर असतो. उष्णता आणि दमटपणा यांनी तो थर हळूहळू विघटित होतो, चिकट होतो आणि पोपडे धरतो. कोकणपट्टीच्या हवेत बंद कपाटात प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेला असा कोट, एकदाही न घालता, काही वर्षांत वाया जातो. पुढच्या वर्षी परदेशी जाणाऱ्या मुलासाठी आजच घेऊन ठेवायचा विचार असेल, तर लेप नसलेला सुती कोट घ्या.

5. उल्हासनगरात शिवून घ्यावा का?

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्कराची एक छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना याच छावणीच्या बराकींत जागा मिळाली. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते गावाला उल्हासनगर हे नाव मिळालं. पत्त्यात आजही कॅम्प नंबर एक ते पाच असेच उल्लेख येतात. सगळं मागे टाकून आलेल्या माणसांनी इथे जे धंदे उभे केले, त्यांत कापड आणि तयार कपडे यांचं स्थान मोठं. पुढे जीन्स शिवण्यासाठी हे शहर देशभर ओळखलं जाऊ लागलं.

जीन्सचा आणि ट्रेंचकोटाचा संबंध वाटतो त्याहून जवळचा आहे. जीन्सचं डेनिम आणि गॅबर्डीन ही दोन्ही ट्विल, म्हणजे तिरप्या विणीची कापडं. पँट उन्हात धरून बारकाईने पाहिली तर तिरप्या रेघा दिसतात. गॅबर्डीनमध्ये त्याच रेघा अधिक बारीक, अधिक उभ्या आणि अधिक दाट असतात. दुसरं साम्य शिलाईचं. जीन्सच्या पायाच्या एका शिवणीवर धाग्याच्या दोन समांतर रांगा दिसतात. तिथे दोन्ही कापडांच्या कडा एकमेकींत गुंतवून, आत दुमडून दुहेरी शिवलेल्या असतात. चांगल्या कोटालाही अशीच शिवण लागते, कारण ती मजबूत असते आणि उघडी कड बाहेर राहत नाही. जाड ट्विलच्या चार-चार थरांतून सुई सरळ नेणारा कारागीर मिळवणं इतर गावांत कठीण असेल; उल्हासनगरात नाही.

तरीही कोटाची कॉलर आणि बाही बसवणं हे वेगळं कसब आहे. म्हणून जीन्सचा कारागीर नव्हे, ब्लेझर-सूट शिवणारा मास्टर शोधा आणि जाड कापडाचं मशीन त्याच्याकडे आहे का ते विचारा. कापड सुती गॅबर्डीन किंवा दाट सुती ट्विल घ्या. जपानी बाजार किंवा गजानन मार्केटला कापडाच्या दुकानांतून निवांत फिरा आणि ओळखीच्या दुकानदाराकडे थेंबभर पाणी टाकून पाहायची परवानगी मागा. थेंब गोल राहिला तर कापडावर प्रक्रिया केलेली आहे. लगेच पसरला तर नाही. अस्तर व्हिस्कोसचं चांगलं. ते घाम शोषतं आणि बाही सहज सरकते. शहाडच्या सेंच्युरी रेयॉनमध्ये पिढ्यान्‌पिढ्या बनत आलेला धागा हाच. मात्र व्हिस्कोस ओलं झालं की कमजोर होतं, म्हणून असं अस्तर पिळू नये.

फिकट, विटलेल्या रंगाचा जीन्सवजा कोट मात्र टाळा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. कापडाला तसं रूप देणाऱ्या धुलाईच्या सांडपाण्याने वालधुनी नदीचं काय झालं, ते या शहराने डोळ्यांनी पाहिलं आहे.

6. माप

ट्रेंचकोट शर्टावर मापून घेतला की हमखास फसतो, कारण तो घालायचा असतो स्वेटर किंवा ब्लेझरवर. समजा, छाती 38 इंच आहे. शर्टाचा तयार घेर 42 च्या आसपास असतो. ट्रेंचकोटाचा तयार घेर 46 ते 48 पर्यंत हवा. मुंढाही त्याच हिशोबाने खोल लागतो, नाहीतर आतला ब्लेझर बगलेत गोळा होतो. बाही मनगटाच्या हाडाच्या इंचभर खाली यावी, म्हणजे आतल्या शर्टाचा कफ झाकला जातो.

लांबीवर सगळ्यात जास्त चुका होतात. सिनेमातला कोट पोटरीपर्यंत येतो, पण तो घालणारा नट बहुधा सहा फुटांचा असतो. पाच फूट पाच-सहा इंचांच्या माणसाने कोट गुडघ्याच्या वर दोन इंचांवर थांबवावा. उंची जास्त असेल तर गुडघ्यापर्यंत. पोट सुटलं असेल तर दोन रांगांच्या बटणांऐवजी एका रांगेचा कोट घ्यावा, कारण पोटावर दुहेरी कापड आलं की माणूस आहे त्याहून रुंद दिसतो. आधीच रुंद खांद्यांच्या माणसाला खांद्यावरच्या पट्ट्या नसल्या तरी चालतात.

ट्रायल घेताना नुसतं आरशासमोर उभं राहू नका. खुर्चीवर बसा, हात वर करून गाडीतली कडी धरल्यासारखा करा, दोन पायऱ्या चढून पाहा. मागची फट त्यासाठीच असते. ती खूप वर कापलेली असेल तर वाऱ्यात कोट उडतो, खूप खाली असेल तर पाऊल अडतं.

7. घालावा कसा, जपावा कसा

रंग खाकी, बदामी किंवा गडद निळा. पहिलाच कोट असेल तर गडद निळा घ्यावा, कारण आपल्याकडच्या धुळीचे आणि गाडीच्या दाराच्या ग्रीसचे डाग त्यावर कमी दिसतात. कमरेचा पट्टा बकलात ओवला तरी चालतो, साधी गाठ मारली तरी चालते. कोट उघडा ठेवायचा असेल तेव्हा पट्टा मागे बांधून टाकावा. खाली साधी पँट आणि बंद बूट. आतले कपडे साधे असले की कोट उठून दिसतो.

ओला झालेला कोट कपाटात लगेच अडकवू नये. रुंद हँगरवर, पंख्याखाली, सावलीत पूर्ण वाळू द्यावा. नेहमीच्या पावडरने धुतला तर तिचा अंश कापडात राहतो आणि पाणी झटकण्याचा गुण मंदावतो. सौम्य द्रव साबण वापरावा आणि दोनदा साध्या पाण्यात खळबळावा. वाळल्यावर लेबलवर मनाई नसेल तर उलट्या बाजूने मंद इस्त्री फिरवावी. उष्णतेने जुनी प्रक्रिया बऱ्याचदा पुन्हा थोडी कामाला लागते. पावसाळ्यात कोट प्लास्टिकच्या पिशवीत नको, जुन्या सुती चादरीत गुंडाळून ठेवा आणि उघडीप मिळाली की बाहेर काढून हवेवर टाका, नाहीतर कॉलरला बुरशी धरते.

आता पहिल्या प्रश्नाचं उत्तर. परदेशी जाणाऱ्या मुलासाठी सुती गॅबर्डीनचा कोट इथून शिवून द्यायला हरकत नाही. मात्र आत लोकरीचं काढता-घालता येणारं अस्तर हवं, कारण उत्तर युरोपच्या जानेवारीत नुसता ट्रेंचकोट पुरत नाही. बर्फाळ प्रदेशात जाणार असेल तर कोट तिथे पोचूनच घ्यावा. तिथल्या थंडीचा अंदाज इथल्या दुकानात बसून येत नाही. शिवून घेणार असाल तर मास्टरकडे जूनच्या तोंडावर जाऊ नका, तेव्हा शाळांच्या गणवेशांची धांदल असते, आणि दिवाळीआधीही नको. दिवाळी आटोपली की जा, ज्यावर कोट घालायचा तो ब्लेझर अंगात घालून जा, आणि दोन ट्रायल द्यायला सांगा.